तोंड येणें आणि डावा हात

दुपारचें जेवण चाललेलें असतें. ताटांत भरलें वांगें असतें, लिंबाची फोड असते, ठेचा असतो; आणि एरवीं या सर्वांवर आडवा हात मारणारा घरचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा आज नुसता दूधभात कालवून, तोहि एका गालानें, सावकाश गिळीत असतो. घांस तो डाव्या हातानें उचलतो. त्याबद्दल लहानपणापासून पुष्कळ बोलणीं खाऊनहि ती संवय गेलेली नाहीं. 'तोंड आलंय,' एवढेंच तो सांगतो. आजीचें निदान तयार असतें : 'उष्णता झाली.' मग जाईचा पाला चघळावयास मिळतो, रात्रीं निजतांना व्रणावर तूप लावलें जातें, सब्जाचें पाणी दिलें जातें, आणि आठ-दहा दिवसांनीं तोंड बरें होतें. महिन्या-दीड महिन्यानें तोच प्रकार पुन्हां सुरू होतो. अशा वेळीं घरांतील एखादे वाचनप्रिय काका मध्येंच म्हणतात, 'डावखुऱ्या माणसांना असले विकार अधिक होतात, असें शास्त्रज्ञांनींच म्हटलें आहे.' हें ऐकून आजीला समाधान वाटतें. आणि मुलाचा डावा हात नकळत ताटावरून मागें येतो.

आजीनें उष्णतेला दोष दिला, काकांनीं हाताला दिला. दोघांच्याहि बोलण्यांत दुष्ट हेतु नाहीं. परंतु एका मुलाच्या शरीराविषयीं आणि स्वभावाविषयीं त्या एका जेवणांत बराच मोठा निकाल दिला गेला. हा निकाल पुराव्याच्या कसोटीला उतरतो कीं नाहीं, हें पाहण्यापूर्वीं मुळांत तोंड येणें म्हणजे काय, हें समजून घेणें अवश्य आहे.

तोंड येण्याचा जो नेहमींचा आणि वारंवार उलटणारा प्रकार आहे, त्यांतील व्रणांना वैद्यकांत 'ॲफ्थस' व्रण म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेंतून आलेला असून हिपॉक्रेटिसच्या नांवावर मोडणाऱ्या प्राचीन ग्रंथांत तो आढळतो. भारतांत सुश्रुतसंहितेनें मुखरोगांची संख्या ६५ सांगितली आहे. ओंठ, हिरड्या, दांत, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशीं त्यांचीं सात स्थानें मानलीं आहेत. यावरून हा त्रास आधुनिक राहणीनें निर्माण केलेला नाहीं, एवढें तरी निश्चित होतें. आज जगांतील निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांवरून असें मानलें जातें कीं, दर पांच माणसांत सुमारें एकाला आयुष्यांत केव्हांना केव्हां या विकाराचा उपद्रव होतो. बहुतेकांच्या बाबतींत त्याची सुरुवात बालपणीं किंवा तरुणपणाच्या उंबरठ्यावर होते आणि तिशी-चाळिशीनंतर त्याचा जोर कमी होत जातो.

या व्रणाचें रूप ओळखण्यास सोपें आहे. तो गोल किंवा लांबट गोल असतो. मध्यभागीं पिवळट-पांढरा थर आणि भोंवतीं लाल कडा असते. तो उमटण्यापूर्वीं एक-दोन दिवस त्या जागीं जळजळ जाणवते. व्रण दहा मिलिमीटरपेक्षां लहान असून सात ते चौदा दिवसांत वण न ठेवतां भरून येतो, असाच प्रकार बहुसंख्य रोग्यांत, म्हणजे शेंकडा ८० च्या आसपास, आढळतो. दुसऱ्या प्रकारांत व्रण एक सेंटिमीटरहून मोठे व खोल असतात, ते कित्येक आठवडे राहतात आणि जातांना वण ठेवून जातात. तिसऱ्या प्रकारांत टांचणीच्या डोक्याएवढे अनेक व्रण एकदम उठतात व कधीं कधीं एकमेकांत मिसळतात. ओंठांची आंतली बाजू, गालांची आंतली बाजू, जिभेखालील भाग, अशा मऊ व सैल आवरणाच्या जागींच हे व्रण बहुधा येतात. हिरडी आणि टाळूचा पुढचा कठीण भाग यांच्यावर ते क्वचितच येतात. ओंठाच्या बाहेरच्या कडेवर किंवा हिरडीवर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो, तो बहुधा 'हर्पीस' नांवाच्या विषाणूचा असतो आणि तो संसर्गानें पसरतो. ॲफ्थस व्रण मात्र संसर्गजन्य नव्हेत. तोंड आलेल्या मुलाचा पेला वेगळा ठेवण्याचें कांहींच कारण नाहीं.

ज्याला हा त्रास नाहीं, त्याला तो क्षुल्लक वाटतो. मसुराच्या डाळीएवढा एक व्रण, त्याचें एवढें काय कौतुक, असा त्याचा भाव असतो. परंतु गायकाला गाणें, शिक्षकाला शिकविणें, लहान मुलाला जेवणें आणि परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्याला झोंपणें अवघड करून सोडण्यास तो एक व्रण पुरेसा असतो. वर्षांतून सात-आठ वेळां हा प्रसंग आला, तर दोन-तीन महिने माणूस अर्धपोटीं आणि चिडलेला राहतो. म्हणून याचीं कारणें शोधण्याचा प्रयत्न वैद्यांनीं व डॉक्टरांनीं चिकाटीनें चालविला आहे.

त्या प्रयत्नांतून जें निष्पन्न झालें, त्याचा सारांश असा कीं, या विकाराचें एकच एक कारण नाहीं. शरीराचें रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकीं कांहीं पेशी तोंडाच्या नाजूक आवरणावरच हल्ला करतात आणि त्या जागचें आवरण झिजून व्रण पडतो, ही शेवटची क्रिया बरीचशी उलगडली आहे. परंतु ती क्रिया सुरू कशानें होते, हें माणसागणिक निराळें असतें. सुमारें शेंकडा ४० रोग्यांच्या घरांत आई-वडील किंवा भावंडें यांपैकीं कोणाला तरी हाच त्रास असतो; तेव्हां आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. गाल चावला जाणें, दांताची तुटलेली कड घांसणें, नवी कवळी बोंचणें, ब्रशाचा धक्का लागणें, अशा बारीक इजांनीं व्रणाला जागा मिळते. मानसिक ताण हें आणखी एक निमित्त आहे. परीक्षेच्या सुमारास तोंड येणाऱ्या विद्यार्थ्यांची उदाहरणें प्रत्येक दंतवैद्याला ठाऊक असतात. कांहीं स्त्रियांना मासिक पाळीच्या आगेंमागें हा त्रास होतो. कांहीं जणांत दंतमंजनाला फेंस यावा म्हणून घातलेल्या सोडियम लॉरिल सल्फेट या द्रव्यानें तो वाढतो. आणि एक विचित्र गोष्ट अशी कीं, धूम्रपान करणाऱ्यांत हे व्रण कमी दिसतात व तें सोडल्यावर कांहीं काळ वाढतात. परंतु तेवढ्यासाठीं तंबाखू ओढणें म्हणजे उंदीर मारण्यासाठीं घर पेटविण्यासारखें आहे.

या सर्व कारणांत जें कारण गृहस्थाश्रमी माणसाच्या सर्वांत जवळचें आहे व ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलें जातें, तें म्हणजे रक्तांतील उणीव. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ हें जीवनसत्त्व यांपैकीं एखादें कमी पडलें, कीं तोंडाचें आवरण पातळ व दुबळें होतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ सालच्या फेरींत भारतांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचें आढळलें. ब-१२ हें जीवनसत्त्व निसर्गतः मांस, मासे, अंडीं व दूधदुभतें यांतूनच मिळतें. म्हणून शाकाहारी कुटुंबांत त्याची तूट सहज पडते. सर्वांची ताटें वाढून झाल्यावर उरल्यासुरल्यावर भागविणाऱ्या गृहिणीचें तोंड वारंवार येतें, तेव्हां तिला 'उष्णता' झाली असें म्हणून ताक प्यावयास देणें सोपें असतें. तिचें रक्त तपासून घेणें तितकें सोपें वाटत नाहीं. ताकानें तिला क्षणभर गार वाटेल, पण तिचें उणें भरून निघणार नाहीं.

आतां काकांच्या निदानाकडे वळण्यास हरकत नाहीं. डाव्या हाताचा आणि रोगाचा संबंध त्यांनीं आपल्या मनानें जोडलेला नाहीं. त्यामागें एका मोठ्या शास्त्रज्ञाचें नांव आहे. बोस्टन येथील मज्जातंतुशास्त्रज्ञ नॉर्मन गेश्विंड आणि ग्लासगो येथील पीटर बेहन यांनीं १९८२ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मुखपत्रांत एक निबंध प्रसिद्ध केला. अगदीं पक्क्या डावखुऱ्या व पक्क्या उजव्या माणसांची तुलना करून त्यांनीं असें दाखविलें कीं, शरीराची रक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटून होणारे विकार, अर्धशिशी आणि वाचण्या-लिहिण्यांत येणाऱ्या जन्मजात अडचणी डावखुऱ्यांत व त्यांच्या कुटुंबांत अधिक आढळतात. याची उपपत्तिहि त्यांनीं सुचविली. गर्भावस्थेंत टेस्टॉस्टेरोन या पुरुषद्रव्याचा प्रभाव अधिक झाला, तर मेंदूच्या डाव्या अर्धाची वाढ मंदावते. त्यामुळें उजव्या अर्धाकडे आणि पर्यायानें डाव्या हाताकडे वर्चस्व जातें. आणि तेंच द्रव्य छातींतील थायमस ग्रंथीवर परिणाम करून रक्षणयंत्रणेची घडी बदलतें. एका कारणाचीं हीं दोन फळें, असा तो विचार होता. गेश्विंड १९८४ सालीं अकालीं निवर्तले. परंतु त्यांच्या या कल्पनेनें पुढें अनेक वर्षें शेंकडों संशोधकांना कामाला लावलें.

या कल्पनेच्या प्रकाशांत तोंड येण्याचा प्रश्न विचारला जाणें साहजिकच होतें. हे व्रण रक्षणयंत्रणेच्या बिघाडानें होतात. आंतड्यांचे जे कांहीं दाह या यंत्रणेच्या बिघाडानें होतात, त्यांच्या सोबतीलाहि ते येतात. मग डावखुऱ्यांत ते अधिक असतील काय? २००४ सालीं तुर्कस्थानांतील दंतशास्त्रज्ञांनीं आपल्या देशांतील या व्रणांचें प्रमाण मोजतांना हाताचा प्रश्नहि त्यांत घेतला. म्हणजे प्रश्न मूर्खपणाचा नाहीं. विद्वानांनीं तो गांभीर्यानें घेतला आहे. परंतु प्रश्न विचारण्याजोगा असणें वेगळें आणि त्याचें उत्तर 'होय' असें असणें वेगळें.

पहिली अडचण मोजमापाची आहे. डावखुरा कोणाला म्हणावें? आर. सी. ओल्डफील्ड यांनीं १९७१ सालीं प्रसिद्ध केलेली एडिंबरोची प्रश्नावली याकरितां जगभर वापरली जाते. लिहिणें, चित्र काढणें, फेंकणें, कात्री चालविणें, दांत घांसणें, सुरी धरणें, चमचा धरणें, केरसुणी धरणें, काडी ओढणें आणि डबीचें झांकण उघडणें, अशा दहा कामांत कोणता हात पुढें येतो, हें तींत विचारलें जातें. महाराष्ट्रांतील घरांत हेच प्रश्न विचारले तर काय होईल, याची कल्पना सहज करतां येते. येथें जेवणें आणि लिहिणें हीं दोन कामें उजव्या हातानेंच झालीं पाहिजेत, असा पिढ्यान्‌पिढ्या दंडक आहे. जन्मतः डावखुरी असलेलीं कित्येक माणसें पाटीवर छडी खाऊन उजव्या हातानें लिहूं लागलीं. तीं चेंडू फेंकतात मात्र डाव्या हातानें, आणि विळीवर बसलीं कीं भाजीहि डाव्याच हातानें सरकवितात. अशा माणसाला कागदावर 'उजवा' म्हणून नोंदविलें, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. ज्या देशांत असा दंडक आहे, तेथील पाहणी आणि ज्या देशांत तो नाहीं तेथील पाहणी, यांची तुलना जपूनच करावी लागते.

दुसरी अडचण निवडीची. गेश्विंड व बेहन यांच्या पहिल्या तुलनेंतील डावखुरे लंडनमधील एका खास दुकानांतून मिळविलेले होते. तें दुकान डावखुऱ्यांच्या सोयीच्या कात्र्या, सुऱ्या वगैरे वस्तु विकणारें होतें. अशा दुकानाची पायरी चढणारा माणूस आपल्या डावखुरेपणाविषयीं आणि त्यापायीं होणाऱ्या गैरसोयींविषयीं विशेष जागरूक असणार, हें उघड आहे. आपल्या इतर तक्रारीहि तो अधिक आठवणीनें सांगेल, ही शंका टीकाकारांना आली तर नवल नाहीं.

तिसरी अडचण योगायोगाची आहे, आणि ती एका साध्या हिशेबानें कळते. जगांत सुमारें शेंकडा दहा माणसें डावखुरीं आहेत. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आणि चोवीस लाखांच्या जवळपास माणसांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या एका आढाव्यानें हा आंकडा १०.६ असा काढला. आतां एखाद्या शहरांतील एक हजार माणसें घेतलीं, तर त्यांत शंभराच्या आसपास डावखुरीं असतील आणि दोनशेंच्या आसपास लोकांना तोंड येण्याचा त्रास असेल. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं काडीचाहि संबंध नसला, तरी वीस माणसें अशीं निघतील कीं, जीं डावखुरीं आहेत आणि ज्यांचें तोंडहि वारंवार येतें. त्या वीस कुटुंबांना हा संबंध डोळ्यांनीं पाहिल्यासारखा वाटेल. उजव्या हाताच्या ज्या एकशें ऐंशीं जणांचें तोंड येतें, त्यांच्या घरीं मात्र 'उजव्या हातामुळें तोंड आलें' असें कोणी म्हणणार नाहीं. जें वेगळें असतें तेंच डोळ्यांत भरतें, आणि जें डोळ्यांत भरतें त्यावरच दोष येतो.

शास्त्रज्ञांनीं पुढें काय ठरविलें? ब्रायडन, मॅकमॅनस आणि बुलमन-फ्लेमिंग यांनीं १९९४ सालीं या उपपत्तीचा सर्व पुरावा एकत्र करून तपासला. त्यांना आढळलें तें असें कीं, कांहीं विकारांत डावखुऱ्यांचें प्रमाण थोडें अधिक निघतें, तर कांहीं विकारांत तें उलट कमी निघतें. आणि एकंदर पाहतां ती भव्य उपपत्ति पुराव्यानें तोलली जात नाहीं. वीस निरनिराळे रोग घेऊन प्रत्येकाशीं हाताचा संबंध लावूं लागलें, तर त्यांतील एखादा केवळ योगायोगानें जुळल्यासारखा दिसणारच. म्हणून एखाद-दुसऱ्या जुळणीवर इमारत उभारतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. डावखुरेपणा स्त्रियांपेक्षां पुरुषांत कांहींसा अधिक आढळतो. तोंड येण्याचा त्रास मात्र पुष्कळ पाहण्यांत स्त्रियांत अधिक आढळला आहे. एवढ्यावरून संबंध नाहींच असें सिद्ध होत नाहीं. पण दोहोंचें मूळ एकाच पुरुषद्रव्यांत आहे, हें म्हणणें अवघड होतें. अलीकडच्या आनुवंशिक संशोधनाचा कौलहि याच दिशेचा आहे. ब्रिटनमधील चार लाख साठ हजारांहून अधिक माणसांच्या नोंदींवरून २०१९ सालीं तोंडाच्या व्रणांशीं संबंधित असे ९७ आनुवंशिक फरक शोधण्यांत आले. ते मुख्यतः रक्षणयंत्रणेच्या नियमनाचे होते. २०२० सालीं सतरा लाखांहून अधिक माणसांच्या अभ्यासांतून डावखुरेपणाशीं निगडित अशीं ४१ आनुवंशिक स्थानें निश्चित झालीं; तीं मुख्यतः मेंदूची घडण आणि पेशींचा आंतला सांगाडा यांच्याकडे बोट दाखवितात. एक वाट रक्षकांच्या छावणीकडे जाते, दुसरी मेंदूच्या कारखान्याकडे. दोन्ही वाटा एखाद्या चव्हाट्यावर भेटत असतीलहि. परंतु त्या एकच आहेत असें म्हणण्यास आधार नाहीं.

मग हाताचा तोंडाशीं कांहींच संबंध नाहीं काय? एका साध्या अर्थानें तो निश्चित आहे. ब्रश धरणारा हात ज्या बाजूचा, त्याच्या विरुद्ध बाजूच्या सुळ्यांवर व त्यांच्या मागच्या उपदाढांवर जोर अधिक पडतो. उजव्या हातानें दांत घांसणाऱ्यांची डावी बाजू पुष्कळदां अधिक झिजलेली दिसते. ज्याच्या तोंडाचें आवरण मुळांतच हळवें आहे, त्याला कडक ब्रशाचा धक्का ज्या बाजूला लागेल, त्या बाजूला व्रण उठण्याची शक्यता आहे. म्हणजे माणसाचा हात पाहून व्रण कोणत्या गालांत येईल, याचा थोडा अंदाज करतां येईल. तो व्रण मुळांत येणार कीं नाहीं, हें मात्र हात पाहून सांगतां येणार नाहीं. आणि या धक्क्यावर उपाय हात बदलण्याचा नाहीं, तर ब्रश मऊ घेण्याचा व तो हलका चालविण्याचा आहे.

हा भेद काटेकोरपणें सांगण्याचें कारण आहे. मराठी भाषेंतच डाव्या हातावर जुना राग सांठलेला आहे. एखाद्याला मागें सारलें तर त्याला 'डावललें' असें म्हणतात. दोघांत सरस असेल तो 'उजवा' ठरतो. देवानें होकार दिला तर 'उजवा कौल' मिळाला असें म्हणतात. या भाषेंत वाढलेल्या डावखुऱ्या मुलाला आपल्यांत कांहीं उणें आहे, हें कोणी वेगळें शिकवावें लागत नाहीं. त्यांत जर शास्त्राच्या नांवानें त्याचा हात आजाराचें चिन्ह ठरविला गेला, तर जुन्या समजुतीला नवा शिक्का मिळतो. हात बदलल्यानें तोंड येणें थांबतें, असा कोणताहि पुरावा नाहीं. उलट हात बदलण्यासाठीं रोज जेवतांना व लिहितांना होणारी टोंचणी हा मुलाच्या मनावरचा ताण आहे, आणि ताण हें तोंड येण्याच्या मान्य निमित्तांपैकीं एक आहे. औषध म्हणून जें सुचविलें जातें, तेंच रोगाला खतपाणी घालण्याचा संभव आहे.

मग अशा घरानें काय करावें? पहिली गोष्ट, नोंद ठेवावी. तोंड कोणत्या दिवशीं आलें, किती दिवस राहिलें, त्याआधीं परीक्षा, जागरण, नवें दंतमंजन किंवा चावलेला गाल असें कांहीं होतें काय, हें चार-सहा महिने वहींत टिपलें, तर त्या माणसाचें विशिष्ट निमित्त पुष्कळदां आपोआप उघडें पडतें. दुसरी गोष्ट, दांतांच्या डॉक्टरकडून एखादी तीक्ष्ण कड किंवा बोंचणारी कवळी आहे काय, हें पाहून घ्यावें. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, डॉक्टरच्या सल्ल्यानें रक्त तपासून लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ यांचें प्रमाण पाहावें, आणि उणीव असेल तर ती भरून काढावी. ब-१२ च्या बाबतींत इस्रायलमध्यें ५८ रोग्यांवर एक प्रयोग झाला व त्याचें फळ २००९ सालीं प्रसिद्ध झालें. सहा महिने रोज रात्रीं हजार मायक्रोग्रॅम ब-१२ घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७४ रोग्यांना शेवटच्या महिन्यांत एकहि व्रण आला नाहीं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ३२ होतें. प्रयोग लहान आहे, पण दिशा दाखविणारा आहे. त्यांतील दुसरा आंकडाहि विसरूं नये : कांहींहि औषध न घेतां तिघांपैकीं एकाला आराम वाटला. घरोघरच्या अनेक रामबाण उपायांची कीर्ति याच एका तिसऱ्या हिश्श्यावर उभी असते.

व्रण आलेला असतांना तिखट, आंबट व कडक पदार्थ टाळावे, कोमट मिठाच्या पाण्यानें चुळा भराव्या, म्हणजे दुःख कमी होतें. तुपानें किंवा मधानें झोंबणें थांबत असेल, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. त्रास अधिक असेल तर जंतुनाशक गुळण्या किंवा व्रणावर लावण्याचा स्टेरॉईडचा लेप डॉक्टर देतात. व्रणाची जळजळ सुरू होतांच हा लेप लावला, तर त्याचा उपयोग अधिक होतो. तोंडाबरोबर डोळे लाल होऊन दुखणें, गुह्य भागीं व्रण, वारंवार जुलाब, वजन घटणें किंवा ताप यांपैकीं कांहीं असेल, तर मात्र केवळ तोंडाचा विचार पुरेसा नाहीं. इस्तंबूलचे त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनीं १९३७ सालीं तोंडाचे व्रण, गुह्य भागींचे व्रण आणि डोळ्यांचा दाह या तिन्हींना एका रोगाच्या सूत्रांत गोंवलें. तो रोग आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो व वेळीं उपचार न झाल्यास दृष्टि घालवूं शकतो.

शेवटची सूचना सर्वांत गंभीर आहे. जो व्रण तीन आठवड्यांत भरला नाहीं, तो साधें 'तोंड येणें' समजून घरीं ठेवूं नये. येणारा-जाणारा व दुखणारा व्रण बहुधा निरुपद्रवी असतो. एकाच जागीं ठाण मांडून बसलेला, कडा कठीण झालेला, आणि पुष्कळदां मुळींच न दुखणारा व्रण घातक असूं शकतो. भारतांतील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाच्या कर्करोगाचें स्थान अग्रभागीं आहे आणि त्याला तंबाखू, गुटखा व सुपारी हीं मुख्यतः जबाबदार आहेत. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. परंतु गालांत चुना-तंबाखूची गोळी ठेवण्याची संवय कायद्यानें एका दिवसांत जात नाहीं. दुखत नाहीं म्हणून स्वस्थ बसलेला गृहस्थ आणि दोन दिवस दुखतें म्हणून घाबरलेला गृहस्थ, या दोघांपैकीं पहिल्यानें घाईनें डॉक्टरकडे गेलें पाहिजे.

डाव्या हाताचा आणि तोंडाच्या व्रणाचा धागा पुढेंमागें कोणी अधिक नीट तपासील, आणि कदाचित् त्यांत एखादा बारीकसा दुवा सांपडेलहि. पण तो सांपडला तरी एखाद्या घरांतील एका मुलाला त्याचा उपयोग शून्य आहे. त्याचा हात बदलतां येत नाहीं आणि बदलण्याची गरजहि नाहीं. त्याचें रक्त तपासतां येतें, ब्रश बदलतां येतो, तुटका दांत घांसून गुळगुळीत करतां येतो, परीक्षेच्या दिवसांत त्याला पुरेशी झोंप देतां येते, आणि जेवतांना त्याला कोणी कांहीं न बोलण्याची व्यवस्था करतां येते. शेवटचा उपाय बिनखर्चाचा आहे. तो करून पाहिला, तर निदान एवढें होईल कीं, पुढच्या वेळीं तोंड आलें तरी तो मुलगा आपला दूधभात आपल्या डाव्या हातानें, मान खालीं न घालतां, जेवेल.